वेल्डिंग मशीनचा करंट किती ठेवायचा? गेट, शेड आणि ट्रॉलीच्या कामाची सेटिंग

नवं इन्व्हर्टर मशीन घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती करंटवर ठेवू?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: "शंभरवर ठेवा, सगळं काम होतं." त्या शंभरवर १८ गेजच्या पाईपला भोक पडतं. आणि त्याच शंभरवर १० मिमीच्या प्लेटवर ३.१५ मिमीचा रॉड नुसता वरवर थापला जातो. दिसायला छान, पण घणाचा एक दणका बसला की अख्खी ओळ सुटून हातात येते.

हा लेख बाजारात 'आर्क २००' म्हणून मिळणाऱ्या सिंगल फेज मशीनपुरता आहे. जुन्या ऑइलकूल ट्रान्सफॉर्मरवर शिकलेल्यांनाही बराचसा लागू पडेल, फक्त त्यावर प्लस-मायनसचा प्रश्नच येत नाही.

आधी सप्लाय बघा, मग नॉब

करंट कितीवर आहे हे बघण्याआधी मशीनला वीज नीट मिळते का ते बघायला हवं. ८० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कचा (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ज्वाळेचा) व्होल्टेज साधारण २३ च्या आसपास असतो. म्हणजे आर्कला जवळजवळ १.९ किलोवॅट लागतात, आणि मशीनमधला तोटा नि पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून १३-१४ अँपिअर ओढले जातात. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट इथपर्यंत तग धरतं. १२० वर नेलंत की हाच आकडा २० च्या पुढे जातो, आणि मग पिन तापते, प्लास्टिक करपल्याचा वास येतो, एमसीबी पडतो. ३.१५ च्या रॉडचं काम नेहमीचं असेल तर वायरमनला बोलावून मशीनसाठी ३२ अँपिअरची वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ४ चौरस मिमीची तांब्याची वायर टाकून घ्या.

एक्स्टेंशन बोर्डाची पातळ वायर हा तर कायमचा घोटाळा. ३० मीटर वायरचं भेंडोळं तसंच ठेवून काम करणारे खूप बघितलेत. भेंडोळं आतून तापतं, व्होल्टेज पडतो, रॉड चिकटायला लागतो आणि पोरगं करंट वाढवत बसतं. वायर पूर्ण उलगडा. शंका आली तर मल्टिमीटर लावून बघा, पण वेल्डिंग चालू असताना बघा. मशीन नुसतं चालू असताना २२५ दाखवणारा मीटर आर्क लागल्यावर १८० वर येत असेल तर दोष नॉबचा नाही. गावाकडे शेतीपंपांची पाळी सुरू झाली की हेच होतं. जाड काम त्या वेळेत काढूच नका.

जनरेटरवर काम असेल तर २.५ च्या रॉडला ५ केव्हीएचा चालतो, ३.१५ ला ७.५ च्या खाली जाऊ नये.

मशीनच्या पाटीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपिअरला ३० टक्के असेल तर दर दहा मिनिटांत तीन मिनिटंच त्या करंटवर काम, बाकी विश्रांती. ही मोजणी सहसा ४० अंश तापमानाला धरून केलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पत्र्याखाली किती तापमान असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. पिवळा दिवा लागून मशीन थांबलं तर ते बिघडलेलं नाही. बंद करू नका, पंखा चालू राहू द्या. आणि ग्राइंडर चालवताना मशीन लांब ठेवा. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत ओढली जाते आणि सर्किटच्या कार्डावर बसते.

राहिला अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनची दुसरी केबल लोखंडाला पकडणारा चिमटा. गंजावर किंवा रंगावर लावला की आर्क फडफडतो आणि दोष मात्र रॉडला दिला जातो. दोन इंच जागा ग्राइंडरने चकचकीत करून तिथे लावा. कामाच्या मध्येच क्लॅम्पला हात लावून बघा: गरम लागत असेल तर पकड सैल आहे.

रॉडचं पाकीट वाचा

पाकिटावर दोन गोष्टी बघायच्या: रॉडचा प्रकार आणि करंटची रेंज. आपल्याकडे सर्रास मिळतो तो ६०१३. आयएस ८१४ प्रमाणे त्यावर 'ईआर' ने सुरू होणारा क्रमांक असतो; त्यातला आर म्हणजे रुटाइल लेप. पटकन पेटतो, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) सहज निघतो, ओळ देखणी येते. दुसरा ७०१८, त्याचा क्रमांक 'ईबी' ने सुरू होतो, बी म्हणजे बेसिक. पेटवायला जरा हट्टी, पण जोड चिवट होतो आणि भेगा पडत नाहीत. भार घेणारं, हादरे बसणारं काम असेल तर हाच.

नवख्याने ६०१३ वर हात बसवावा. पहिल्याच आठवड्यात ७०१८ घेतलात तर रॉड चिकटून चिकटून मशीनचाच राग येईल.

७०१८ ला ओल चालत नाही. लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून भेग जाते. कोकणात पावसाळ्यात उघडं पाकीट मोरीशेजारी ठेवून भागणार नाही. मोठ्या कारखान्यांत हे रॉड तासन् तास भट्टीत भाजून, मग गरम पेटीत ठेवून वापरतात. लहान वर्कशॉपला ते जमत नसेल तर लागतील तेवढेच सीलबंद पाकिटातून काढा, आणि उरलेले साध्या ग्रीलच्या कामाला वापरा. ६०१३ चं उलटं आहे. त्याला थोडा ओलावा लागतोच, फार भाजला तर बिघडतो. दमट झाला असेल तर १०० अंशाच्या आसपास तासभर सुकवला की पुरे.

होल्डर प्लसला की मायनसला

नियम सोपा आहे. ७०१८ असेल तर होल्डर (रॉड धरायचा चिमटा) प्लसला, अर्थ मायनसला. ६०१३ दोन्हीकडे चालतो: जाड लोखंडाला होल्डर प्लसला ठेवा, रस (वितळलेलं लोखंड) खोल जातो, पातळ पाईप-पत्र्याला होल्डर मायनसला लावा, रस कमी खोल जातो आणि भोक पडण्याची भीती कमी होते. केबलचं टोक सॉकेटमध्ये घालून पूर्ण पिरगाळा. अर्धवट बसलेलं टोक सॉकेट जाळतं, आणि ते बदलायला मशीन उघडावं लागतं.

करंट ठरवायची रीत

सुरुवातीचा आकडा काढायला एक ढोबळ हिशेब पुरतो: रॉडची जाडी मिमीत घ्या आणि तिला ३५ ने गुणा. २.५ ला ८७, ३.१५ ला ११०, ४ ला १४०. ही सुरुवात झाली, उत्तर नव्हे. साधारण मर्यादा अशा: २ मिमीचा रॉड ४० ते ६०, अडीचचा ६० ते ९०, ३.१५ चा ९० ते १३०, आणि चारचा १४० ते १८०. ७०१८ ला त्याच जाडीत ५ ते १० अँपिअर जास्त लागतात. पाकिटावर वेगळं छापलं असेल तर पाकिटाचं ऐका.

आता खरं काम. ज्या लोखंडावर वेल्डिंग करायचं आहे त्याच जाडीचा भंगारातला तुकडा घ्या. मशीनवरचा आकडा खरा असेलच असं नाही. स्वस्त मशीनमध्ये नॉबवरचे ९० आणि प्रत्यक्षातले ९० यांत चांगलाच फरक असू शकतो, शिवाय केबल लांब असेल तर आणखी पडतो. म्हणून तुकडा. त्यावर साधारण १०० मिमीची सरळ ओळ ओढा, रॉड चालायच्या दिशेने थोडा कललेला, आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी. ओळ ओढताना ठिणग्यांकडे बघू नका, रॉडच्या मागे तयार होणाऱ्या रसाकडे बघा. त्याच्या मागच्या कडेला स्लॅग काळसर सरकताना दिसतो. रस आणि स्लॅग वेगळे ओळखता येईपर्यंत कुठलीच सेटिंग कळणार नाही; नवख्याला सगळंच लाल दिसतं आणि तो स्लॅगलाच वेल्ड समजतो.

थंड होऊ द्या, चिपिंग हातोडीने स्लॅग काढा (चष्मा लावून, गरम खपली डोळ्यात उडते) आणि ओळ वाचा.

करंट कमी असेल तर ओळ उंच आणि अरुंद, कडा प्लेटवर चढवल्यासारख्या, बोट फिरवलं तर नख अडकेल अशा. रॉड सारखा चिकटत होता, आवाज तुटक होता, स्लॅग कोपऱ्यात अडकून बसलेला. करंट जास्त असेल तर ओळ पसरट, लाटांची टोकं लांब आणि अणकुचीदार, दोन्ही कडांना प्लेट खाल्ल्यासारखी खाच, भोवती शितोडेच शितोडे. जास्त करंटची आणखी एक खूण ओळीत नाही, हातात असते: रॉड अर्धा संपायच्या आतच उरलेली कांडी लाल होते आणि लेप तडकून गळायला लागतो. नीट जमलेल्या ओळीत कडा प्लेटमध्ये अलगद मिसळलेल्या असतात, चरचर आवाज सलग येतो आणि ६०१३ चा स्लॅग एका दणक्यात लांबच लांब तुकड्याने निघतो.

मग ५ अँपिअरने वर किंवा खाली जा आणि शेजारी दुसरी ओळ ओढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. करंटही बदलला, रॉडही बदलला आणि हाताचा वेगही, तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. वेग जास्त असला तरी ओळ अरुंद येते आणि तो दोष करंटवर ढकलला जातो. खात्री करायची असेल तर दोन तुकडे एकमेकांना काटकोनात एकाच बाजूने वेल्ड करा, व्हाइसमध्ये पकडा आणि हातोड्याने उघडून मोडा. आतल्या कोपऱ्यात रेघेसारखी काळी, न वितळलेली जागा दिसली तर करंट वाढवा.

उभ्या जोडाला १० ते १५ टक्के करंट कमी लागतो, नाहीतर रस ओघळतो. जाड लोखंडाला खालून वर जा. वरून खाली ओढलेली ओळ झटपट होते आणि गुळगुळीत दिसते, पण रस खोल जात नाही. ती पातळ पाईपलाच ठीक.

गेट आणि ग्रील

ग्रीलच्या १० किंवा १२ मिमी चौकोनी सळईत फारसं कौशल्य लागत नाही. २.५ चा ६०१३, ८० ते ९०, बस्स.

खरी परीक्षा गेटच्या पाईपची. १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी, आणि स्वस्तातला पाईप बहुधा पाटीपेक्षा पातळच निघतो, तेव्हा व्हर्नियर लावून बघा. १६ गेजला २.५ चा रॉड, होल्डर मायनसला, ६० ते ६५. १८ गेजला २ मिमीचा रॉड ४० ते ५० वर. सलग ओळ ओढायचा मोह टाळा. टाका मारा, लाली काळी पडेपर्यंत थांबा, पुढचा टाका आधीच्या टाक्याच्या निम्म्यावर. ४५ अंशात कापलेल्या कोपऱ्यात फट राहिली असेल तर कुठलाच करंट तुम्हाला वाचवणार नाही, परत घासून पाईप नीट बसवा. २० गेजचा पत्रा स्टिकने जोडणं मला पटत नाही. जमतं, पण पत्रा मुरडतो. रिव्हेट मारा किंवा मिगवाल्याकडे (गॅस आणि तारेने वेल्डिंग करणाऱ्याकडे) न्या.

बिजागरी लावताना नवखे हमखास फसतात. बिजागरी जाड, ८ मिमीची, आणि पाईप १.६ चा. पाईपच्या हिशेबाने ६० ठेवले तर बिजागरी वितळत नाही, बिजागरीच्या हिशेबाने १०० ठेवले तर पाईप गायब. करंट ७५ ते ८० ठेवा, आर्क बिजागरीवर लावा आणि तिथेच धरा. रस तयार झाला की तो रॉडच्या टोकाने पाईपकडे क्षणभर लोटा, लगेच परत बिजागरीवर या. वेळ जाडाला द्यायचा, पातळाला नुसता स्पर्श. मोठं गेट असेल तर आधी पाईपवर ५ मिमीची पट्टी बसवा आणि बिजागरी पट्टीवर घ्या; भार पसरतो आणि दोन वर्षांनी पाईप फाटत नाही.

जस्त चढवलेला जीआय पाईप आला तर जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त ग्राइंडरने काढा. पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. तो ओढला गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे तर धूर बाजूला जाईल असं उभं राहून, आणि योग्य मास्क लावा.

शेडचा सांगाडा

५० बाय ५० बाय ६ चा अँगल, ३.१५ चा ६०१३, आडव्या जोडाला १०५ ते १२०, उभ्याला ९५ ते १०५. जमिनीवर जेवढं जोडून घेता येईल तेवढं घ्या. वर शिडीवर चढलात की केबल लांबते आणि हातही अवघडतो. खांबाच्या तळाची १० किंवा १२ मिमीची बेस प्लेट ७०१८ ने, ११५ ते १३० वर, एकाच जाड ओळीत नव्हे तर दोन-तीन ओळींत, आणि दर ओळीनंतर स्लॅग पूर्ण काढून. माणसं ज्याखाली बसणार आहेत तो ट्रस शिकाऊ हाताने एकट्याने करू नये. टॅक (जागेवर धरणारे छोटे टाके) तुम्ही मारा, शेवटची ओळ जुन्या वेल्डरला ओढू द्या.

कोपऱ्यात काम करताना आर्क एका बाजूला फुंकल्यासारखा वळत असेल तर तो डीसीच्या (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटच्या) चुंबकत्वाचा खेळ. अर्थ क्लॅम्पची जागा बदला, आर्क आखूड धरा, करंट जरा उतरवा.

ट्रॉली आणि अवजारं

ऊसतोडणीच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची रांग लागते आणि सगळ्यांना आजच हवी असते. घाई इथेच नडते. हुकाजवळच्या तडीवर नुसती ६०१३ ची ओळ फिरवून दिली तर ती पहिल्या-दुसऱ्या खेपेला परत उघडते, कारण तड खाली तशीच असते.

आधी ग्रीस, माती, रंग घासून काढा. तड नक्की कुठे संपते ते शोधा आणि दोन्ही टोकांना ५-६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. ग्राइंडरने व्ही आकाराची खाच तड दिसेनाशी होईपर्यंत खोल करा. जाड भाग असेल तर गॅसने थोडा गरम करून घ्या. मग ७०१८, होल्डर प्लसला, ३.१५ चा ११५ ते १२५ वर. चारचा रॉड १५० च्या पुढे नेता येतो, पण सिंगल फेजवर मशीन आणि लाइन दोन्ही दमतात. दोन जास्तीच्या ओळी ओढा, तेच बरं.

ट्रॅक्टरला जोडलेलं अवजार असेल तर बॅटरीची तार काढा, आणि अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी शेजारी लावा. रोटाव्हेटरचं पातं एका टोकाला आणि क्लॅम्प दुसऱ्या टोकाला, असं केलंत तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो, गोळ्यांवर खड्डे पडतात आणि आठवड्याने बेअरिंग ओरडायला लागतं. डिझेलची टाकी, हायड्रॉलिकचे पाईप जवळ असतील तर झाकून चालणार नाही, सोडवून बाजूला ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, तिला हात लावू नका. स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंगचे भाग वेल्डिंगने दुरुस्त करायचे नसतात, बदलायचे असतात.

स्टेनलेसला ३०८एल रॉड, त्याच जाडीच्या ६०१३ पेक्षा १०-१५ टक्के कमी करंटवर. जास्त दिला तर कांडी लगेच लाल होते. बिडाला निकेलचा रॉड, करंट रेंजच्या तळाला, एका वेळी इंचभर ओळ, वर हलक्या हातोडीने ठोकणं, आणि हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबणं.

बाकीचे नॉब

हॉट स्टार्ट म्हणजे आर्क लागताना क्षणभर मिळणारा जादा करंट. ७०१८ आणि जाड प्लेटला वाढवा, पातळ पाईपला शून्यावर आणा, नाहीतर पहिल्याच ठिणगीला भोक. आर्क फोर्स रॉड फार जवळ गेला की करंट वाढवून त्याला चिकटू देत नाही. ६०१३ ला १०-२० टक्के पुरतं, ७०१८ ला ३०-५०. फार वाढवला तर शितोडे वाढतात. अँटिस्टिक नेहमी चालू. व्हीआरडी असेल तर काम थांबल्यावर होल्डरवरचा व्होल्टेज धोक्याच्या खाली येतो. आर्क लागायला किंचित वेळ लागतो म्हणून पोरं तो बंद करतात; पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर किंवा लोखंडी सांगाड्यात बसून काम करताना चालूच ठेवा.

काच २.५ आणि ३.१५ च्या रॉडला १० नंबरची, चारच्या रॉडला ११. ऑटो हेल्मेट उन्हात कधी कधी दचकतं, संवेदनशीलतेचा नॉब आधी तपासा. टाका मारताना नुसते डोळे मिटून भागवणाऱ्याचे डोळे रात्री येतातच.

जमलेली सेटिंग मशीनच्या झाकणावर रंगाच्या मार्करने लिहून ठेवा: रॉड, लोखंडाची जाडी, नॉबवरचा आकडा, होल्डर कुठल्या बाजूला. केबल बदलली किंवा शेजाऱ्याचं मशीन मागून आणलं, तर ते आकडे धरू नका. भंगाराचा तुकडा घ्या आणि पुन्हा एक ओळ ओढा.